गरजवंताची कसोटी

गरजवंताला अक्कल नसते, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. तिच्यात कणव आहे आणि थोडी थट्टाही आहे. परंतु सरकारदरबारी गरजवंताविषयी जी समजूत फार काळ रूढ आहे, ती या म्हणीच्या अगदी उलट आहे. गरजवंताला अक्कल जरा जास्तच असते. तो नसलेली गरज दाखवतो, खोटे बोलून सार्वजनिक तिजोरीतला पैसा लाटतो. म्हणून देण्याआधी त्याला पारखून घेतले पाहिजे, अशी ती समजूत होय. या पारखीचा थोडासा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे योजले आहे. हा इतिहास बराचसा आपल्याच मुलखात, पुणे-नगर-सोलापूरच्या माळावर घडलेला आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. तिजोरी लोकांची असते आणि तिचे रक्षण करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्यच आहे. लबाडी करून मदत घेणारी माणसे जगात नसतातच, असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. परंतु कोणतीही कसोटी लावली की तिच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. ज्याला मिळू नये त्याला मिळते, ही एक. आणि ज्याला मिळावे त्याला मिळत नाही, ही दुसरी. पहिली चूक जमाखर्चाच्या वहीत सापडते. दुसरी सापडत नाही; कारण जे दिलेच नाही ते खर्चाच्या बाजूस कोण लिहिणार? ती लिहिली गेलीच तर निराळ्याच वहीत, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत. या दोन वह्या एकापुढे एक ठेवून वाचण्याची सवय राज्यकर्त्यांना नसते, हेच या सगळ्या इतिहासाचे मर्म आहे.

या पारखीचे शास्त्र प्रथम इंग्लंडात तयार झाले. तेथे सोळाव्या-सतराव्या शतकापासून प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीने, आपापल्या गरिबांना पोसावे असा कायदा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा खर्च फार वाढला, म्हणून १८३२ साली एक चौकशी मंडळ नेमण्यात आले. नासाऊ सीनियर हे अर्थशास्त्रज्ञ आणि एडविन चॅडविक हे त्यातले प्रमुख होत. त्यांच्या अहवालावरून १८३४ साली नवा कायदा झाला. त्याचे तत्त्व असे की, मदत घेणाऱ्याची स्थिती स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या अगदी खालच्या मजुराच्या स्थितीहूनही कमी असावी. धडधाकट माणसाला घरी मदत द्यावयाची नाही. त्याने श्रमगृहात येऊन राहावे. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. जेवण बेताचे, काम कंटाळवाणे.

या योजनेतील चातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे. प्रत्येक अर्जदाराची चौकशी करीत बसण्याचे कारणच उरले नाही. मदतच इतकी कडू करून ठेवावयाची की, ज्याला खरोखर दुसरा उपाय नाही तोच ती तोंडात घेईल. कसोटी आपली आपणच चालते. अधिकाऱ्याने नुसते दार उघडे ठेवून उभे राहावे. दाराआत जो येईल तो गरजू आणि जो येणार नाही तो गरजू नव्हे.

तिचे फळ अकरा वर्षांत दिसले. हॅम्पशर परगण्यात अँडोव्हर नावाचे गाव आहे. तेथील श्रमगृहात खतासाठी जनावरांची हाडे कुटण्याचे काम दिले जात असे. त्या हाडांना चिकटलेले सडके मांस आणि आतला मगज खाण्यासाठी तेथली माणसे आपसांत झोंबतात, ही गोष्ट १८४५ साली उघडकीस आली. पार्लमेंटने चौकशी केली, आणि गरिबांच्या कायद्याचे कमिशन १८४७ साली मोडून त्या जागी दुसरे मंडळ आणावे लागले. श्रमगृहे मात्र पुढेही चालू राहिली.

हीच विचारसरणी घेऊन आलेले अधिकारी हिंदुस्थानात दुष्काळाचा कारभार पाहत होते. येथे श्रमगृहे बांधणे शक्य नव्हते. म्हणून येथे कसोटी झाली ती कामाची, मजुरीची आणि अंतराची. परंतु ती पूर्ण स्वरूपात येण्याआधी दोन दुष्काळ पडले, आणि त्या दोहोंनी सरकारला दोन उलट धडे दिले.

पहिला १८६६ चा ओरिसातील दुष्काळ. व्यापारी धान्य आणतील, सरकारने मध्ये पडू नये, अशा भरवशावर बंगाल सरकार स्वस्थ राहिले. पावसाळा सुरू झाल्यावर बंदरे आणि रस्ते बंद पडले आणि आणू म्हटले तरी धान्य आत नेता येईना. सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या लाजेची आठवण ताजी असतानाच १८७३-७४ साली बिहारात पिके बुडाली. या वेळी सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे काम सोपवले गेले. त्यांनी ब्रह्मदेशातून चार लाखांहून अधिक टन तांदूळ आणवला, कामे काढली, घरोघर चौकशी करून मदत पोचवली. भूकबळी जवळजवळ झाले नाहीत. खर्च मात्र साडेसहा कोटी रुपयांच्या आसपास गेला, आणि दुष्काळ संपल्यावर बराच तांदूळ शिल्लक राहून तो तोट्यात विकावा लागला.

आता खरी गंमत पाहा. ओरिसात माणसे मेली तेव्हा चौकशी झाली हे खरे. पण बिहारात माणसे वाचली तेव्हाही टीकेची झोड उठली. इतका पैसा उधळला कशासाठी? माणसे मेली नाहीत, याचा अर्थ दुष्काळ फारसा नव्हताच, असा युक्तिवाद करणारे लोक निघाले. वाचलेला माणूस आपण मदतीमुळे वाचलो हे सिद्ध करू शकत नाही. शिल्लक राहिलेले तांदळाचे पोते मात्र जादा खर्च झाला हे सहज सिद्ध करते. टेंपलसाहेबांनी ही टीका मनाला लावून घेतली असावी, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, पुणे, नगर, सातारा, आणि खाली कलादगी, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांत जोंधळा-बाजरी हाती लागली नाही. मद्रास इलाख्यात आणि म्हैसूर संस्थानात याहूनही वाईट अवस्था होती. मुंबई सरकारने दुष्काळी कामे काढली. पुणे जिल्ह्यातील नीरेचा डावा कालवा, सातारा जिल्ह्यातील म्हसवडचा तलाव ही मोठी कामे याच दुष्काळाच्या निमित्ताने हाती घेतली गेली. याखेरीज मामलेदारांच्या देखरेखीखाली गावाजवळची किरकोळ कामे, रस्त्याची खडी, तळ्यांचा गाळ, अशी चालू होती. आरंभीचा दर पुरुषास दिवसाला दोन आणे, बाईस दीड आणा, काम करण्याजोग्या मुलास एक आणा असा होता. पुढे धान्य महागले, तेव्हा मजुरी धान्याच्या भावाला बांधण्यात आली: पुरुषास एक रत्तल, म्हणजे एक पौंड, धान्याची किंमत आणि वर एक आणा.

कामावर गर्दी झाली, तशी हिंदुस्थान सरकारला खर्चाची काळजी वाटू लागली. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीस मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला कैसर-इ-हिंद ही पदवी जाहीर केली. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, या दरबाराला हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत हजर होते. त्याच महिन्यात टेंपलसाहेबांना दुष्काळी मुलखाच्या पाहणीसाठी दक्षिणेत पाठवण्यात आले. ज्यांच्यावर बिहारात उधळपट्टीचा आरोप झाला होता तेच आता काटकसरीचे दूत म्हणून आले. रत्तलभर धान्य आणि थोडे पैसे एवढ्यावर मजुराचे भागते की नाही, ते पाहावे, असे त्यांचे मत पडले.

जानेवारीच्या मध्यानंतर मुंबई इलाख्यात नवी व्यवस्था आली. धडधाकट माणसांनी बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांवर जावे. गावाजवळची कामे म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि अशक्तांसाठी. लोक दूरच्या कामांवर जाईनात, म्हणून गावाजवळच्या कामांवरील मजुरी कमी केली गेली: पुरुषास एक रत्तल धान्याची किंमत आणि अर्धा आणा, बाईस रत्तलभर धान्य आणि पाव आणा, मुलास अर्धा रत्तल आणि पाव आणा. एक रत्तल म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे साडेचारशे ग्रॅम, जुन्या मापाने अर्ध्या शेरालाही किंचित कमी. दिवसभर माती उपसणाऱ्या गड्याचे हे अन्न. वरच्या अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, सरपण, दळण आणि अंगावरचे कापड.

अंतराची गोष्ट आपल्यापैकी ज्यांचे खेड्याशी नाते आहे त्यांना समजावून सांगायला नको. टेंपलसाहेबांच्या मते कामाचे ठिकाण घरापासून दूर, दहा-दहा मैलांवर असणे हीच चांगली कसोटी. जो खरा उपाशी आहे तो घर सोडून तळावर येऊन राहील. जो ढोंगी आहे तो येणार नाही. कागदावर हे पटण्यासारखे आहे. पण कुणब्याच्या घरी जाऊन पाहिले म्हणजे काय दिसते? गोठ्यात एक बैल अजून जिवंत आहे. त्याला कोठून तरी चघळ आणून घालावी लागते. घरात म्हातारी आहे, तिला दहा मैल चालवत नाही. अंगावर पिते मूल आहे. घर उघडे टाकून गेले तर वाशांसकट लाकूड जाईल. बैल विकावा तर कवडीमोलाने जाणार, आणि पुढच्या मृगाला औत कशाने ओढावयाचे? म्हणजे जो संसार सावरून धरण्याची खटपट करीत होता तोच या कसोटीत नापास होत होता. ज्याचे सगळे बुडाले, तो पास. मदत मिळवण्यासाठी प्रथम भिकारी व्हा, असाच याचा अर्थ होतो.

पुढे जे झाले ते आपल्या इतिहासात अधिक ठळकपणे लिहिले जायला हवे होते. पुणे, नगर, सोलापूर या भागांतून हजारो माणसे कामे सोडून निघून गेली. त्या मजुरीवर, त्या अटींवर काम करणार नाही, असे उपाशी माणसांनी म्हटले. संप हा शब्द तेव्हा आपल्या लोकांच्या तोंडी आजच्या अर्थाने रुळलेला नव्हता. पण हा संपच होता.

सरकारी बाजूने त्याचा अर्थ काय लावला गेला? माणसे निघून गेली, म्हणजे त्यांना मदतीची गरज नव्हती; कसोटीने आपले काम चोख केले. येथे मी आपणास क्षणभर थांबून विचार करण्याची विनंती करतो. माणूस कमी मजुरीवर कामावर राहिला, तर मजुरी पुरेशी आहे हे सिद्ध होते. तो निघून गेला, तर तो गरजू नव्हता हे सिद्ध होते. तो तेथेच मेला, तर पटकी आहे, हिवताप आहे, दुष्काळाशी त्याचा संबंध कसा लावावा? मग कसोटी चुकली असे सिद्ध होण्यासाठी घडावे तरी काय? काहीही घडले तरी जी खरीच ठरते, तिला कसोटी म्हणता येत नाही. सोनार कसावर सोने घासतो तेव्हा ते खोटे निघण्याचीही शक्यता असते, आणि कसाचा दगड बरोबर आहे की नाही हेही त्याला अधूनमधून पाहावे लागते. येथे दगड कोणी पाहतच नव्हते.

पाहिला तो सार्वजनिक सभेने. ही सभा १८७० साली स्थापन झालेली. सार्वजनिक काका जोशी, सीताराम हरि चिपळूणकर आणि त्यांना विचारांची दिशा देणारे महादेव गोविंद रानडे यांनी एक साधी पण त्या काळी नवीन गोष्ट केली. त्यांनी दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा केली: पाऊस किती, भाव काय, कामावर किती माणसे, मजुरी काय मिळते, गावे कोठे ओस पडली. ही माहिती व्यवस्थित लिहून त्यांनी वेळोवेळी सरकारकडे पाठवली, आणि मजुरी पुरत नाही, ती वाढवावी, असे मागणे केले. सरकारची वही एक होती. सभेने दुसरी वही उघडली. त्याच १८७७ च्या उन्हाळ्यात जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाची मंडळी पुण्याजवळ धनकवडीस दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवून त्यांना जेवू घालीत होती. तेथे कसोटी एवढीच की, मूल भुकेले असले पाहिजे.

मद्रासेकडे हा वाद शास्त्राच्या अंगाने झाला. तेथील आरोग्य कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी रत्तलभर धान्याच्या मजुरीस उघड विरोध केला. कष्ट करणाऱ्या शरीराला एवढे अन्न पुरत नाही, त्यात डाळ-भाजी हवी. आणि उपासाने शरीर एका मर्यादेपलीकडे खालावले की पुढे अन्न दिले तरी ते सावरत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा मुद्दा मोठा महत्त्वाचा आहे. माणूस खरोखर भुकेला आहे, ही गोष्ट अधिकाऱ्याच्या डोळ्यांना पटेपर्यंत थांबावयाचे, तर जेव्हा ती पटते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. डॉ. कॉर्निश यांच्या आग्रहाने १८७७ च्या मे महिन्यात मद्रास इलाख्यात मजुरी पुन्हा वाढवावी लागली. त्याच सुमारास टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले. या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांवर माणसे मेली, असा अंदाज पुढे सरकारनेच नेमलेल्या कमिशनने केला. बिहारात वाचवलेल्या माणसांबद्दल ज्यांना दोष लागला, त्यांना दख्खनमध्ये वाचवलेल्या पैशाबद्दल बढती मिळाली, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मग त्या कामांवर लबाडी मुळीच नव्हती काय? होती. ज्यांच्या पेवात थोडे धान्य होते असेही काही लोक आरंभी कामावर आले असतील. पण दुष्काळी कामांची जुनी व्याधी निराळीच आहे. हजेरीपटावर नसलेली नावे चढवणे, असलेल्या मजुराचे माप कमी भरणे, मोजणीच्या वेळी हात ओला करून घेणे, ही व्याधी मुकादमापासून वर चढते. मजूर एका दिवसात लाटून लाटून किती लाटणार? एक-दोन आणे. त्याच्यावर पहारा ठेवणारा मात्र शंभर खोट्या नावांची मजुरी एका सहीने उचलू शकतो. असे असून कसोट्या सगळ्या मजुरासाठी. मुकादमाने दहा मैल चालत यावे, असा नियम कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

जनरल रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ कमिशनने १८८० साली अहवाल दिला. कोल्हापूरचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे हे त्याचे एक सभासद होते. दुष्काळात लोकांस काम व मदत देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे या कमिशनने मान्य केले, आणि त्यावरून पुढे दुष्काळी कायदे, ज्यांना आपण फॅमिन कोड म्हणतो, ते तयार झाले. ही मोठीच सुधारणा होती. परंतु एक धास्ती कमिशनला सोडवत नव्हती. दुष्काळात मदत मागणे हा आपला हक्क आहे असे गरिबांना एकदा वाटू लागले, तर ते सर्वकाळ तो सांगू लागतील! म्हणून कर्तव्य सरकारचे, पण हक्क रयतेचा नाही, अशी ती विचित्र वाटणी झाली.

ही वाटणी मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न लोकमान्य टिळकांनी केला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी कोडातील नियम मराठीत करून लोकांत वाटले. सारा केव्हा तहकूब होतो, काम केव्हा मागता येते, मजुरी किती मिळाली पाहिजे, हे सभेचे लोक गावोगाव सांगत फिरले. यात बेकायदा असे काहीच नव्हते. सरकारचेच नियम सरकारच्याच रयतेला वाचून दाखवले जात होते. तरी सरकारने त्याचा राग धरला. व्याख्याने देणाऱ्यांवर खटले झाले, आणि १८९७ साली सार्वजनिक सभेची सरकारी मान्यता काढून घेण्यात आली. यावरून एक धडा घेण्यासारखा आहे. नियम मोडल्याबद्दल गरिबाला शिक्षा करावयाची असेल, तर ते नियम त्याला कळतील अशा भाषेत आधी त्याच्या हाती पडले पाहिजेत.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला खरे उत्तर दिले ते महाराष्ट्रानेच. विधान परिषदेचे अध्यक्ष वि. स. पागे यांनी साठीच्या दशकात तासगाव तालुक्यातील प्रयोगापासून मागेल त्याला काम ही कल्पना पुढे नेली. १९७२-७३ च्या दुष्काळात ती कसाला लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. ती खडी, ती सुकडी आठवणारी माणसे आजही आपल्यात आहेत. हाल झाले, पण १८७७ सारखी गावे मेली नाहीत. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली, म्हणजे त्या जुन्या संपानंतर बरोबर शंभर वर्षांनी झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली देशभरासाठी जो रोजगार हमी कायदा झाला, त्यात काम गावापासून पाच किलोमीटरांच्या आत द्यावे आणि ते त्यापलीकडे असेल तर मजुरीत दहा टक्के वाढ द्यावी, अशी तरतूद करण्यात आली. टेंपलसाहेबांच्या लेखी जे अंतर कसोटीचे होते, ते येथे भरपाईचे झाले.

लबाडी पकडण्याचीही निराळी रीत निघाली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई भरवली. कामाचे हजेरीपट आणि बिले गावापुढे मोठ्याने वाचून दाखवण्यात आली. या नावाचा माणूस कामावर होता काय? ही भिंत बांधली गेली काय? गावाला सगळे ठाऊक असते. चोरी सापडली, आणि ती मजुराच्या पदरात नव्हती. म्हणजे तपासणीला गरिबांचा विरोध असतो असे नाही. तपासणीचा दिवा केवळ आपल्याच तोंडावर धरला जातो, याला त्यांचा विरोध असतो.

आपणास वाटेल, आता यंत्रे आली, हिशेब अचूक झाले, तेव्हा ही जुनी दुखणी संपली. तसे नाही, हे दोन श्रीमंत देशांच्या अलीकडच्या अनुभवावरून दिसते. हॉलंडमध्ये मुलांच्या संगोपनासाठी आईबापांना सरकारी अनुदान मिळत असे. फसवणूक हुडकण्याच्या भरात कर खात्याने एखादी सही राहिली, थोडी रक्कम भरावयाची राहिली, एवढ्यावरून हजारो कुटुंबांकडून वर्षांचे सगळे अनुदान परत मागितले. परदेशी मुळाच्या लोकांवर संशय अधिक. संसार कर्जात बुडाले, कित्येकांची घरे गेली. संसदेच्या चौकशीनंतर जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर यंत्राने माणसाचे वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांत सारखे विभागले आणि त्यावरून तुम्ही जादा भत्ता घेतला आहे, अशा नोटिसा लाखो लोकांस पाठवल्या. ज्याला चार महिने काम आणि आठ महिने बेकारी, त्याचे उत्पन्न बाराही महिने सारखे कसे असेल? पण हे खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावर. त्याने कित्येक वर्षांपूर्वीची पगाराची चिठ्ठी आणून दाखवावी! पुढे ही पद्धत बेकायदा ठरली, २०२० साली वसूल केलेले पैसे परत करण्याचे सरकारने जाहीर केले, आणि २०२३ साली शाही चौकशी आयोगाने तिच्यावर कडक ताशेरे मारले.

माळरानावरचा मामलेदार आणि हे यंत्र यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे. पण दोघांची चूक एकच. दोघांनीही आपल्या कसोटीची कसोटी घेतली नाही. संशय हा पुरावा मानला, आणि ज्याच्याजवळ कागद नाही, वेळ नाही, वकील नाही, त्यालाच पुरावा आणावयास सांगितले.

म्हणून, श्रोतेहो, लबाडी पकडू नये असे माझे म्हणणे नाही. पकडावी; पण काही मर्यादा पाळून. भुकेल्याचे अन्न चौकशी संपेपर्यंत अडवून धरू नये. आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा. नियम गरिबाच्या भाषेत त्याच्या हाती द्यावेत. चूक आणि लबाडी यांत फरक करावा. पहारेकऱ्याचाही हजेरीपट वाचावा. आणि दर वर्षी अपात्रांना किती गेले हे जसे छापतो, तसे पात्रांना किती मिळाले नाही हेही छापावे. ज्या दिवशी ही दुसरी वही पहिलीइतक्याच काळजीने लिहिली जाईल, त्या दिवशी काटकसर आणि न्याय यांचे भांडण पुष्कळसे मिटेल.

शेवटी एक आठवण करून देतो. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांतून आजही वाहते. त्याच्या काठावर ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, घरे सुखाची झाली. त्या कालव्याची पहिली माती ज्यांनी उपसली ते दुष्काळी मजूर होते. ते खरे गरजू आहेत की आळशी ढोंगी आहेत, याबद्दल त्या वेळी सरकारदरबारी वाद चालू होता.